उजवा कौल

"आये, हातातला ठेव आणि हय बघ. माझ्याकडे बघ. नीट."

मी काजू निवडत होते. मांडीवर सूप, सुपात भाजून सोललेले गर. अख्खा एकीकडे, पाकळी दुसरीकडे, कणी तिसरीकडे. गुरू, माझा एकुलता मुलगा, शेडच्या दारात उभा होता. हातात दोऱ्याचा तुकडा, दोऱ्याला दोन गाठी.

"बघलंय," मी मान वर न करता म्हटलं.

"बघूक नाय तू."

"चोवीस वर्सां बघतंय. आता काय नवीन फुटला काय?"

"कानापासून हनुवटीपर्यंत डावी बाजू आज दोन सूत कमी भरली. काल दीड सूत होती."

शेडमध्ये तीन बाया काजू फोडत होत्या. तारामती त्यांतली बोलघेवडी. ती म्हणाली, "गुरू, माझ्या घोवाचा डोकाच वाकडा, तरी चार पोरां झाली."

बाया हसल्या. गुरू हसला नाही. तो माझ्यासमोर उकिडवा बसला, डावी बाजू उजेडाकडे करून.

"वाकडा आसात तर आसांदे, आये. मी सोसतलंय. पण नक्की काय ता माका कळूक व्हया."

"वाकडा नाय."

"नक्की?"

"नक्की."

"मगे दोरो कमी कसो भरता?"

त्या दिवसातली ती नववी खेप होती. मी सूप आपटलं. कणी आणि अख्खा सगळं एक झालं.

गुरू सहा वर्षांचा असताना त्याचा बाप गेला. मी शिकलेली दुसरीपर्यंत. काजूची भट्टी घातली ती माझ्या हिमतीवर. बी तळहातावर घेतली की आत गर भरलेला की पोचट, हे मी फोडण्याआधी सांगायची. गावात कोणाचं काही अडलं तर माणसं पालविणीकडे, म्हणजे माझ्याकडे, येत आणि उत्तर घेऊन जात. रिकाम्या हाताने मी कोणाला परत पाठवलं नाही. आणि जे मला सांगता येत नसे ते देव सांगे. आमच्याकडे गावदेवाला कौल लावतात. गुरव पाषाणाच्या छातीवर उजव्या-डाव्या बाजूला भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न घालतो आणि सगळे बघत बसतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी भट्टी घातली ती कौल घेऊन, विहीर खणली ती कौल घेऊन, गुरूला गोवराच्या तापात डॉक्टरकडे नेलं तेही कौल घेऊन. लोक म्हणत, पालविणीची कोंबडीसुद्धा कौल घेऊन अंड्यावर बसते. म्हणोत. मधेच लटकत राहणं मला जमत नाही.

गुरूचं हे दुखणं सुरू झालं ते लग्नाच्या फोटोपासून. मुलगी बघायची तर मुलाचा फोटो द्यावा लागतो, म्हणून त्याला तालुक्याला पाठवला. फोटोवाला म्हणाला, "हनुवटी जरा उजवीकडे घ्या." एवढंच. सुगंधाच्या घरच्यांनी फोटो बघून होकार दिला, मे महिन्यातली तारीख धरली, सुपारी फुटली. आणि गुरू त्या फोटोवाल्याकडे चार वेळा जाऊन आला. "तुम्ही उजवीकडे का म्हणालात?" तो बापडा म्हणाला, "अहो, मी सगळ्यांनाच म्हणतो." गुरू म्हणाला, "सगळ्यांना उजवीकडेच सांगता, की काहींना डावीकडे?" शेवटी त्याने गुरूला दुकानात घेणं बंद केलं.

मग गुरूने बाजारात माल पोचवणं सोडलं. जेवायला बसताना डावी बाजू भिंतीकडे. आरशासमोर तास तास. मी आरसा भाताच्या कणगीत पुरला, तर तो हंड्याच्या बुडात बघायला लागला, चमच्याच्या पाठीत बघायला लागला. एकदा विहिरीच्या काठावर ओणवा होऊन पाण्यात बघत होता. मी पाठीमागून त्याचा सदरा धरला आणि ओढला, तो फाटेपर्यंत.

"काय करतंस रे मेल्या!"

"पाणी स्थिर आसा," तो म्हणाला. "आरसो फसवता."

त्याला तालुक्याच्या डॉक्टरकडे नेला. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी जबडा चाचपला, दात बघितले, मग गुरूला बाहेर बसवून मला म्हणाले, "बाई, याच्या तोंडाला काही झालेलं नाही. आजार शंकेचा आहे. शंका सगळ्यांनाच येते, आपण ती तशीच ठेवून कामाला लागतो. याला ती ठेवता येत नाही. याला शंभर टक्के खात्री हवी, आणि ती कोणालाच मिळत नसते. तुम्ही जितक्या वेळा 'सरळ आहे' म्हणाल, तितकी त्याची भूक वाढेल."

"मग काय म्हणू?"

"काहीच म्हणू नका. जवळ बसा, पण उत्तर देऊ नका. जिल्ह्याला मनाचे डॉक्टर आहेत, चिठ्ठी देतो."

"तुम्हाला मुलं आहेत?"

"दोन मुली."

"मग त्यांना ताप भरला की जवळ बसा आणि औषध देऊ नका," मी म्हटलं आणि उठले. चिठ्ठी घरी आणून भट्टीत घातली. पोर तडफडून विचारतंय आणि आईने तोंडाला कुलूप लावायचं, असला शहाणपणा मला शिकवायला आला होता!

दुसऱ्या दिवशी मी देवळात गेले. सोमा गुरव समया घासत होता. सोमा माझ्याच वयाचा, साधा, घाबरट माणूस.

"सोमा, बुधवारी कौल लावचो आसा."

"लगनाचो ना? तो झालो मा गे."

"गुरूच्या तोंडाचो."

सोमाने समई खाली ठेवली. "देवाक असा कोण विचारता?"

"माझो झील विचारता. माझा ऐकणा नाय, डॉक्टराचा ऐकणा नाय. देवाचा ऐकतलो. उजवो पडाक व्हयो."

"ता देवाच्या हातात."

"पाकळी तुझ्या हातात आसा. उजवेक पाणी कमी लाव, म्हणजे ती आधी सुटतली."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "पालवीण, वीस वर्सां तू माझ्याकडसून कौल घेतंस. मगे आदले सगळे कौल...?"

"आदले देवाचे. ह्यो माझो."

"माझो हात चलाचो नाय."

"तुझी बायल बाळंतपणात अडलेली, तेव्हा खाटल्यार घालून तालुक्याक कोणी नेल्यान? तेव्हा माझो हात कसो चललो?"

सोमाने पुन्हा समई घेतली. खूप वेळ तेवढीच एक घासत राहिला.

बुधवारी गुरू पहाटे उठून न्हायला, लग्नाला घेतलेला नवा सदरा घातला. देवळात आम्ही तिघंच. सोमाने तगरीच्या पाकळ्या भिजवल्या, चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. एरवी त्याचा आवाज देऊळ भरून टाकी. त्या दिवशी पाण्यातून आल्यासारखा आला.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरान तुझ्याकडे हात जोडल्यान. ह्याच्या तोंडात काय खोट नाय, ता सरळ आसा, असा तुझा म्हणणा आसात, तर उजवो दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" मी ओरडले.

उजवी पाकळी कडेने सुटली. अर्धी लोंबली. पडली.

गुरूने पायरीवर डोकं टेकलं आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. मी सोमाकडे बघितलं. सोमा देवाच्या पायांकडे बघत होता.

पुढचे अकरा दिवस माझ्या घरात सण होता. गुरूने दाढी केली. बायांबरोबर भट्टीवर बसला, तारामतीच्या घोवाची चौकशी केली. सुगंधाच्या घरी आंब्याची पाटी घेऊन स्वतः गेला. मी डॉक्टरांना मनातल्या मनात चार शिव्या घातल्या.

बाराव्या दिवशी सकाळी पेज जेवताना त्याने पितळी बाजूला सारली.

"आये, कौल बुधवारचो. देवान सांगल्यान ता त्या दिवसाचा. तवसून काय हलला आसात तर?"

"तोंड काय गाडयेचा चाक आसा हलाक?"

"आणि सोमाकाकान 'तोंड' म्हटल्यान. 'हनुवटी' म्हणूक नाय. देवान तोंडाचा सांगल्यान, हनुवटीचा कोणी विचारूकच नाय."

मला हसूही आलं आणि अंगावर काटाही. त्या दिवसापासून तो रोज देवळात जायला लागला. सोमा म्हणे, एका गोष्टीचा कौल दोनदा लावत नाहीत. गुरू पायरीवर बसून राही. सोमा घंटा पुशी, हा विचारी. सोमा फुलं काढी, हा विचारी. "काका, पाकळी सरळ पडली का तिरकी पडली? काका, तुमका काय वाटला?" पाचव्या दिवशी दुपारी तो घरी आला तेव्हा मी भट्टीपाशी होते.

"आये, उजवेक पाणी कमी लावूक तू सांगलंस?"

बायांचे हात थांबले.

"कोण म्हणता?"

"सोमाकाका रडलो."

मी बायांना घरी पाठवलं. तारामतीने जाता जाता त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्याला तो जाणवलाही नाही.

"होय," मी म्हटलं. "सांगलंय. तुझ्यासाठीच सांगलंय."

तो चिडला असता तर मी सांभाळलं असतं. चिडणाऱ्याला कसं गप्प करायचं ते मला येतं. पण तो शांत होता, गणित सोडवत असल्यासारखा.

"म्हणजे डावो पडतलो ह्या तुका ठाऊक व्हता."

"नाय रे! सरळ आसा तुझा तोंड! तुझ्या बापाशीची शप्पत!"

"सरळ आसा तर देवार कित्याक नाय सोडलंस? देव खरा ताच सांगतलो."

मी भट्टीतलं लाकूड मागे ओढलं.

"भियालंय," मी म्हटलं.

"कशाक?"

"देव काय सांगात ता माका ठाऊक नव्हता. ती पाकळी लोंबत आसताना बघीत रवणा माका जमाचा नाय."

"तुका ठाऊक नव्हता," तो सावकाश म्हणाला. "म्हणजे तुका पण नक्की ठाऊक नाय."

मी त्याला होय म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. त्याने माझी ती चुप्पी उचलली आणि मागच्या खोलीत जाऊन कडी लावली. लग्नाला नऊ दिवस होते.

दाराआडून तो एवढंच बोलला, "सुगंधाक कळव. नवरो वाकडो आसा काय सरळ, ता अजून ठरूक नाय."

मी कळवलं नाही. काय कळवणार? पण गावातली गोष्ट पायांनी चालते. तिसऱ्या दिवशी सकाळच्या यष्टीने सुगंधा एकटी आली, बापाला न सांगता. सावळी, काटक, केसांत एक अबोलीचं फूल.

"लगनाआधी सासरी पाय ठेवतंस?" मी पडवीतच अडवलं. "लाज खंय ठेवलंस?"

"सासरच उरला नाय तर लाज कोणाची धरू, काकी?"

मनात म्हटलं, ही माझ्या घरात नांदेल. तिला वाट दिली.

ती मागच्या खोलीच्या दारासमोर जमिनीवर बसली. "मी सुगंधा," तिने सांगितलं. "मी काय विचारूक नाय इलंय. बसाक इलंय." तिने माझं काजूचं सूप ओढलं आणि निवडायला लागली. पाकळी अख्ख्यात टाकत होती, कणी पाकळीत. मी चुलीपाशी बसून जीभ चावली. तासभर गेला असेल. मग कडी निघाली.

गुरू दारात उभा राहिला, डावा गाल चौकटीला लावून. तीन दिवसांची दाढी.

"खरा सांग," तो म्हणाला. "माझी हनुवटी वाकडी आसा?"

"चौकट सोडा मगे बघतंय."

त्याने चौकट सोडली. तिने वर बघितलं. चांगलं निरखून बघितलं, घाई केली नाही.

"माका कळणा नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे पयल्यांदा बघलंय तेव्हा सरळ वाटली. तुमी विचारल्यात म्हणून परत बघलंय तर थोडी वाकडी वाटली. आता आणखी बघीत रवलंय तर माझा नाक खंय आसा ता माका कळाचा नाय."

गुरूच्या घशातून एक आवाज आला. तो हसला, हे मला जरा वेळाने कळलं.

"मगे लगीन कसा करतलंस? नक्की ठाऊक नसताना?"

"माका तुमचो राग ठाऊक नाय. तुमी घोरतास काय ता ठाऊक नाय. तुमची आवस माका पोटभर जेवूक घालतली काय, ता तर अजिबात ठाऊक नाय. तरी इलंय मा?" ती उठली, पदराला लागलेली सालं झटकली. "माझी यष्टी चुकतली. सोडूक येवा."

"लोक बघतले."

"बघतले. त्यांका काय दिसात ता दिसांदे."

गुरू उंबऱ्यापर्यंत आला. थांबला. मग पडवीत उतरला. कौलानंतरचे अकरा दिवस सोडले तर तीन महिन्यांत त्याचा डावा गाल मी असा उघड्यावर बघितला नव्हता. त्याने एक वहाण पायात घातली. दुसरीसाठी पाय चाचपडत होता. सुगंधा अंगणात उभी होती, त्याच्याकडे बघत नव्हती, रस्त्याकडे बघत होती.

मी चुलीजवळच्या दारात, हातात डाव. तिने 'सरळ' म्हटलं नव्हतं. 'थोडी वाकडी' म्हटलं होतं. हे त्याला वाटेत आठवलं तर? यष्टीच्या थांब्यावर माणसं असतील, कोणी काही बोललं तर? तो परत येईल की येणारच नाही? ते दोन-तीन क्षण मला काढवेनात.

"अगे, सरळ आसा म्हणून सांग ना त्याका!" मी ओरडले. "जीभ झडली काय तुझी? एवढा सोपा उत्तर देऊक येणा नाय, आणि संसार करूक इलंस!"

चाचपडणारा पाय थांबला.

सुगंधाने वळून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "काकी," ती हळू म्हणाली, "कित्याक बोललास?"

गुरू आता तिच्याकडे बघत होता. "आये म्हणता सरळ. तू म्हणतंस कळणा नाय. दोघांतला एक खोटा."

"खोटा कोणाचाच नाय. माका—"

"सरळ आसा तर तू सांगूक का नाय?"

ती काहीतरी बोलत होती. त्याला ऐकू येत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर ते गणित पुन्हा सुरू झालं होतं. त्याने घातलेली वहाण काढली, दोन्ही जोडून भिंतीशी नीट ठेवल्या, आणि आत गेला.

लग्न मोडलं. सुगंधाला पुढच्या वर्षी दुसरीकडे दिली. आता तिला नातवंडं आहेत. बाजारात भेटली की तीच आधी बोलते. "गुरू कसे आसत?" विचारते. मी "बरो आसा" म्हणते आणि भाजीत डोकं घालते. गुरू पन्नाशी उलटून गेला. मागच्या खोलीतच असतो, तिथेच काजू सोलतो. सोमा मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. जिल्ह्याच्या डॉक्टरांकडे मी पुढे दोनदा जाऊन आले, एकटीच. गुरू घराबाहेर पडत नाही, तिथे त्याला नेणार कसा?

पण त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं. सुगंधा बराच वेळ अंगणात उभी होती. मग पदर खोचून निघाली. मी मागच्या खोलीत गेले. गुरू खिडकीच्या गजांना धरून तिच्याकडे बघत होता. बाहेर मे महिन्याचं मळभ दाटलेलं, कुठेही उन्हाचा ठिपका नव्हता. ती पाणंदीच्या वळणावर पोचली आणि दिसेनाशी झाली.

"आये," त्याने विचारलं, "ती एकदा पण मागे वळूक नाय. कित्याक?"

"डोळ्यांर ऊन येत आसात रे तिच्या."

"नक्की?"

"नक्की," मी म्हटलं.